लाईन आल्यावर

बायकोला हे माहीत नाही. आईला नव्हतं, आणि आता तीही गेली. धंद्यातल्या माणसांपैकी एकालाही नाही. एकदा नागऱ्याच्या महादेवासमोर बसून मनातल्या मनात सांगून टाकावं म्हटलं, तर तिथेही जीभ टाळूला चिकटली — मनातल्या मनात बोलायला जीभ कशाला लागते म्हणा, पण तसं झालं खरं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. थांबत थांबत सांगेन. मध्येच इकडचं तिकडचं बोलायला लागलो तर समजा, की मुद्दा जवळ आलाय आणि मी घाबरलोय.

मी गोंदियाचा. आमच्याकडे कुठेही दगड भिरकावला तर तो एखाद्या राइस मिलच्या पत्र्यावर पडतो, इतक्या मिली. त्या मिलींसाठी मी कंट्रोल पॅनल बनवतो. पॅनल म्हणजे लोखंडी कपाट — दारावर बटणं आणि दिवे, आत वायरींचं जंजाळ आणि एक छोटा कॉम्प्युटर. कुठली मोटर कधी सुरू करायची, कधी थांबवायची, हे तो कॉम्प्युटर ठरवतो. आणि त्याने काय ठरवायचं, ते मी ठरवतो. म्हणजे प्रोग्राम मी लिहितो. या गोष्टीचा मला फार गर्व होता. नागपूरहून माणूस बोलवायची गरज नाही, आपला गोंदियाचाच पोरगा हे करतो, असं सेठ लोक म्हणायचे आणि मी वरवर लाजायचो.

आता थोडं कंटाळवाणं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक प्रोग्रामला एक सुरुवात असते. वीज मिळाली की मुख्य कामाला लागण्याआधी एक छोटा तुकडा आपोआप चालतो. त्याला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. त्याचं काम एवढंच — आधीचं काय होतं नव्हतं ते पुसायचं, आणि प्रत्येक खणात ठरलेली किंमत टाकायची. पाणी इतकं गरम, ही मोटर आधी, ती नंतर. शाळेत सकाळी फळा पुसून नवी तारीख घालतात ना, तसं. लिहायला याच्याइतकं रटाळ काम नाही. कोणी ते बघत नाही, कोणी वाहवा करत नाही. मी ते नेहमी शेवटी लिहायचो. आणि घाईत.

तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय आहे? घाई कोण करत नाही?

नागऱ्याच्या रस्त्याला एक मिल होती. मालकाचं नाव सांगत नाही, आपण सेठ म्हणू. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं, मग कांडायचं. लाईन गेली आणि यंत्र थांबलं, तर भिजलेलं धान तसंच गरम पाण्यात पडून राहतं, आंबूस वास मारतं, तांदूळ पिवळा पडतो. आणि लाईन तर आमच्याकडे जातेच. सेठ एकदा वैतागून म्हणाला, “लाइट आती है, फिर आदमी दौड़ता है, तब मशीन चलती है. तो ये कंप्यूटर काहे को लगवाया?” मला ते लागलं. मी सुरुवातीच्या तुकड्यात आणखी काही ओळी घातल्या. लाईन आली की कोणाच्याही हाताची वाट न बघता सगळ्या मोटरी एकामागून एक आपोआप सुरू होतील अशा. सेठ इतका खूश झाला, की मलाच आपली अक्कल बघून भरून आलं.

त्या मिलीत देवाजीभाऊ ऑपरेटर होता. माझ्याहून वयाने मोठा, बारीक, मितभाषी, तोंडात कायम तंबाखूचा खर्रा. पॅनल यायच्या आधीपासून तो यंत्रावर होता. धान ओतायचा जो खड्डा असतो त्याच्या तळाशी एक लांबलचक लोखंडी स्क्रू फिरतो आणि धान पुढे ढकलतो. त्याला तणस गुंडाळलं जातं, पोत्यांची सुतळी गुंडाळली जाते. मग कोणीतरी खाली उतरून ते काढावं लागतं. उतरणारा आधी काय करायचा, तर खांद्यावरचा दुपट्टा काढून स्टार्टरच्या दांड्याला बांधायचा. दुपट्टा बांधलेला असेल तोवर त्या दांड्याला कोणी हात लावायचा नाही. सेठनेसुद्धा नाही. ज्याने बांधला, त्यानेच वर येऊन सोडायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडल्याचं मी ऐकलं नाही.

मी पॅनल बसवलं आणि तो दांडा काढून टाकला.

देवाजीभाऊने विचारलं, “मंग दुपट्टा कुठं बांधाचा साहेब?” सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मी त्याला नवीन बटण दाखवलं. त्याखाली मराठीत ‘बंदी’ असं छापून घेतलं होतं, मोठ्या हौसेने. सांगितलं, खाली माणूस उतरायचा असला की हे दाबायचं, वरचा लाल दिवा लागेल, आणि हेच बटण परत दाबेपर्यंत स्क्रूची मोटर फिरणार नाही. दुपट्टे-बिपट्टे आता विसरा, कॉम्प्युटर ध्यानात ठेवेल. त्याने मान हलवली. साहेब म्हणतो म्हणजे असेल, अशी ती मान होती. तरी माणसं खाली उतरताना पॅनलच्या कडीला दुपट्टा बांधायचीच. मी बघितलं की हसायचो.

आता ऐका. असल्या कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेचे खण असतात. काही लाईन गेली की रिकामे होतात. काही लाईन गेली तरी आतलं धरून ठेवतात. बंदी घातली आहे ही गोष्ट मी दुसऱ्या तऱ्हेच्या खणात ठेवायला हवी होती. ठेवली पहिल्यात. आणि लाईन आल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या त्या तुकड्यात माझ्याच हाताने लिहिलं होतं — बंदी : नाही. त्यानंतरच्या ओळीत मोटरी सुरू करायला घेतल्या होत्या. कळलं ना? माणसाने बंदी घातली, मधेच लाईन गेली, लाईन आली — की बंदी नाही.

पण कबुली ही नाही. चूक कोणाच्याही हातून होते, आणि चूक असती तर मी ती एव्हाना चार ठिकाणी सांगून मोकळाही झालो असतो. लोक चुका फार आवडीने सांगतात. मला ही चूक माहीत होती.

केशोरीला मी तसंच एक पॅनल बसवलं होतं. तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. दिवाळीच्या आधी. म्हणाला, साहेब, बंदी दाबून ठेवलो होतो, लाईन गेली आणि आली तर लाल लाईट गेला. मी म्हणालो, बल्ब सैल असेल, दाबून बसवा. हे मी विचार न करता बोललो, खरंच. फोन ठेवला आणि चहाचा कप उचलला, आणि तो कप ओठांपाशी तसाच राहिला. सैल बल्ब नव्हता. मला त्या दोन ओळी डोळ्यांपुढे दिसल्या, एकाखाली एक. मग मी काय केलं? उठलो? गाडीला किक मारली? सगळ्या मिलींना फोन लावले? नाही. चहा प्यालो. हंगाम तोंडावर होता, सगळे सेठ पॅनल लवकर चालू करून द्या म्हणून मागे लागले होते. आणि एका मिलीत जाऊन चूक आहे म्हटलं की गावभर होतं. म्हटलं, हंगाम सरला की ‘अपडेट’ म्हणून गुपचूप दुरुस्त करू. तोवर काय आभाळ कोसळतंय? त्या दिवसापासून लाईन गेली की ती येईपर्यंत मी हातातलं काम सोडून नुसता बसून राहायचो. भाऊबीज झाली, काही झालं नाही. मला वाटू लागलं, काही होणारही नाही.

मन्साराम कोण ते सांगायचं राहिलं. देवाजीभाऊचा साळा. सगुणाबाईचा, म्हणजे देवाजीच्या बायकोचा, धाकटा भाऊ. दरेकशाचा. विधवा आईचा एकुलता मुलगा. तिकडे तेंदूपत्ता, बांबू, मिळेल ते जंगलाचं काम करायचा. देवाजीनेच त्याला मिलीत आणून लावलं होतं. हसरा, आवाजाचा मोठा, आणि तोंडाचा फाटका. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते तशी त्या वर्षीही भरली. तिथे चार लोकांत तो देवाजीला म्हणाला, की माझ्या बहिणीला तू मोलकरणीसारखं वागवतोस. देवाजी चिडला. दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, लोकांनी सोडवलं. जाता जाता देवाजी म्हणाला, “तुले पाहून घेतो.” आपल्याकडे हे कोण म्हणत नाही? दुसऱ्या दिवशी दोघं एका डब्यातून जेवले. पण ते जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. भांडताना सगळ्या मंडईने पाहिलं होतं.

त्यानंतर लगेचच ते झालं. दुपारची वेळ. स्क्रूला सुतळी गुंडाळली. मन्साराम उतरायला तयार झाला. देवाजीने बंदी दाबली, लाल दिवा लागला, मन्सारामने कडीला दुपट्टा बांधला आणि तो खाली उतरला. लाईन गेली. देवाजी डीपीचा फ्यूज उडाला की काय ते बघायला बाहेर गेला — बंदी तर घातलेलीच होती, त्याला काय काळजी? लाईन आली. आत माझा तुकडा चालू झाला. त्याने फळा पुसला, नवी तारीख घातली आणि मोटरी सुरू केल्या. देवाजी धावत आत आला आणि त्याने पॅनलवरचं गड्ड्यासारखं लाल बटण दाबून सगळं बंद केलं. त्याच्या मागून हमाल आत आले. त्यांनी पाहिलं ते इतकंच, की मन्साराम खाली आहे, आणि देवाजीचा हात पॅनलवर आहे.

मन्सारामचं खाली काय झालं ते मी सांगणार नाही. मी तो खड्डा नंतर बघितला आहे. तेवढं पुरे.

मला सेठचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. मी पोचलो तोवर मन्सारामला नेलं होतं. देवाजी खांबाला टेकून जमिनीवर बसला होता. त्याच्या भोवती कोणी उभं नव्हतं, सगळे लांब उभे होते आणि कुजबुजत होते. कडीला दुपट्टा बांधलेला असताना मोटर चालू केली, मंडईत बोललाच होता तो. सेठने मला बाजूला घेतलं. घामाने निथळत होता. हळूच म्हणाला, “आपका तो कुछ नहीं है ना इसमें?”

मी म्हणालो, “नहीं सेठ.”

बघा, किती लहान असतं. दोन शब्द. मी ते विचार करून बोललो नाही, पण परत घेतलेही नाहीत. उलट म्हणालो, तरी एकदा पॅनल तपासून घेतो. दिवेलागण झाली होती. पोलीस पंचनामा उरकून चहा प्यायला फाटकाशी गेले होते. मी लॅपटॉप घेऊन पॅनलपाशी आलो, आणि दार उघडेना. कडीला दुपट्टा बांधलेला होता. गाठ घट्ट होती. जंगलात बांबूचे भारे बांधणाऱ्या माणसाची गाठ ती. मी नखांनी सोडवली. तो दुपट्टा जवळच्या पोत्यांवर ठेवला, दार उघडलं, आणि त्या दोन ओळी बदलल्या. ‘बंदी’ चांगल्या खणात टाकली. या कामाला किती वेळ लागला म्हणता? चहा गार होण्याइतकाही नाही. महिनाभर मी जे पुढे ढकलत होतो ते हेच.

ही कबुली आहे का? अर्धी आहे. पुढे या.

मग कारखान्यांची तपासणी करणारे साहेब आले, सोबत पोलीस जमादार. मिलीतली सगळी माणसं गोळा केली होती. मला म्हणाले, समजावून सांगा. मी समजावलं. माझा आवाज एकदाही कापला नाही, हे सांगतो. मी बंदी दाबली, लाल दिवा लागला. मेन बंद करायला लावला, दिवा विझला. मेन चालू करायला लावला. सगळे श्वास रोखून बघत होते. आणि लाल दिवा परत लागला, मोटर हलली नाही. मी म्हणालो, बंदी घातलेली असेल तर लाईन कितीदाही जाऊ दे, मोटर फिरत नाही. साहेबांनी मान हलवली. सेठने श्वास सोडला. देवाजी मागे उभा होता. मला वाटलं होतं, तो ओरडेल, खोटं आहे म्हणेल. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

मी निघालो तर तो माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहिला. मला आजही तो प्रश्न शब्दन् शब्द पाठ आहे. “साहेब, मी बटन दाबलो होतो. लाल लाईट लागला होता, मन्साराम पाह्यला आन् मंग उतरला. मंग मोटर काऊन चालू झाली?”

हीच ती जागा. इथे यायचं होतं आणि इतका वेळ मी तुम्हाला आजूबाजूने फिरवत होतो. त्या क्षणी फाटकात आम्ही दोघंच होतो. तो माझ्यावर आरोप करत नव्हता. त्याला माझा संशयही नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि जगात फक्त मला ते माहीत होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — हात ठेवला मी, हे लक्षात घ्या — आणि म्हणालो, “देवाजीभाऊ, रोजची सवय राहते. माणसाले वाटते का दाबलो. मशीन खोटं नाई बोलत.”

त्याने उजवा हात पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “भुललो असन मंग.” आणि मिलीत परत गेला.

पोलिसांना त्याने तेच सांगितलं. कोर्टात तेच. साक्षीला मला बोलावलं, मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि लाल दिव्याची गोष्ट पुन्हा सांगितली. खुनाचं काही सिद्ध झालं नाही, निष्काळजीपणा झाला. तो काही महिने जेलमध्ये राहून आला. लोकांना मात्र कोर्टाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने त्याने साळ्याला पाहून घेतलं होतं. एकाही मिलीने त्याला परत यंत्रावर उभं केलं नाही. आता दुसऱ्यांच्या शेतात रोजीने जातो. सगुणाबाई मुलीसाठी त्याच्या घरात राहिली, पण त्याच्याशी बोलणं तिने बंद केलं. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. सासूने तर दरेकशाहून निरोप धाडला होता, की माझ्या अंगणात त्याची सावली पडली नाही पाहिजे.

आणि मी? मी बाकीच्या सगळ्या मिलींत जाऊन ‘अपडेट’ करून आलो. केशोरीला त्या ऑपरेटरने चहा पाजला. बल्ब नवीन लावून दिला म्हणून आभारही मानले. तेवढा एक माणूस आहे, ज्याने एखाद्या दिवशी दोन आणि दोन एकत्र केले तर माझं संपलं. आजही मोबाईलवर त्याचं नाव आलं की मी बाहेर जाऊन मगच फोन उचलतो. दिवाळीच्या शुभेच्छा देतो बिचारा. माझा धंदा वाढला. घर बांधलं. घरात लाईन गेली की मी उठून एकेक बटण हाताने बंद करतो. बायको म्हणते, हा काय तुमचा नवीन येडेपणा. मी हसतो.

या उन्हाळ्यात देवाजी माझ्या दुकानात आला. केस पांढरे झाले होते. बस म्हटलं तर बसला नाही. मुलीचं लग्न ठरलं होतं. पण मुलीची आजी, म्हणजे त्याची सासू, म्हणते, तो मांडवात असेल तर मी यायची नाही. आणि आजी नाही तर मुलगी मांडवात पाय ठेवायला तयार नाही. त्याने माझ्याकडे मागितलं ते एवढंच. “तुमी जा साहेब तिकडं. मशीन तुमी बनवले, तुमचं ऐकन ते. सांगा का देवाजी भुलला. मुद्दाम नाई केला.”

मी गेलो. रेल्वेने गेलो, आणि सगळा रस्ता मनात घोकत गेलो. खरं सांगायचं. आजच. तिच्यासमोर सांगायचं, मग पोलीस काय करायचे ते करोत. दरेकशाच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझं नक्की ठरलं होतं. शपथ घ्यायला सांगाल तर घेतो, पण माझ्या शपथेला आता काय किंमत?

म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सगुणाबाईची आई, मन्सारामची आई. मी कोण ते सांगितलं. तिने चटई टाकली, लोट्याने पाणी दिलं, आणि परत फुलं पसरायला लागली. मी पाणी प्यालो. तोंड उघडलं. आणि आतून जे बाहेर आलं ते हे — “माय, देवाजी भुलला होता. मुद्दाम नाही केलं त्यानं.”

ती फुलं पसरत राहिली. मग हात थांबवून तिने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या मशीनची काई गलती नव्हती?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणी असा विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, कोर्टाने नाही. सेठने विचारला होता तो ‘नाही’ ऐकण्यासाठीच. हिला उत्तर पाहिजे होतं. तिने मला दार उघडून दिलं होतं, मी फक्त पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, “नाही माय.”

ती मान हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तिने पुसलंही नाही. म्हणाली, “भुलते मानूस. मी इतके वर्सं त्याले खुनी म्हनून राहिली होती. बापा, किती पाप केली मी.” थोड्या वेळाने म्हणाली, येते म्हणून सांग त्याला. मी उठलो, तशी पदराने तोंड पुसून म्हणाली, नातीच्या मागे मामा लागतो, तो तर नाही. मग कोण उभा राहील? आणि मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. “तुमीच राहा बाबू. तुमच्यानं हे घर जुडलं.”

मी परत येऊन देवाजीला सांगितलं, माफ केलं म्हणाल्या. तो रस्त्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, “तुमचे उपकार कसे फेडू साहेब?” त्या दिवशी सगुणाबाई त्याच्याशी बोलली, असं नंतर कळलं. काय बोलली ते मी विचारलं नाही.

लग्न झालं. भर उन्हात मांडव गच्च भरला होता. मंगलाष्टकं चालू असताना मी मुलीच्या मागे उभा होतो, मन्सारामच्या जागेवर. समोर पहिल्या रांगेत म्हातारी बसली होती. शेजारी देवाजी, नवीन पांढऱ्या शर्टात. तो माझ्याकडे बघून हात जोडत होता. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मग कोणीतरी मुलीला म्हणालं, आधी मामाच्या पाया पड. ती वळली, वाकली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.